मुठीतले जनावर

ज्या कलावस्तूंचे परीक्षण करावे असे कोणाच्या मनातही येत नाही, अशा वस्तूंत कोरीव मुठीच्या काठीची गणना करावी लागेल. चित्र भिंतीवर लागले की त्याविषयी बोलणारे दहा जण भेटतात. मूर्ती देवळात असो वा संग्रहालयात असो, तिच्यासाठी शास्त्र तयार आहे. काठी मात्र दाराआडच्या कोपऱ्यात छत्रीशेजारी उभी राहते, आणि तिच्या माथ्यावर बसलेल्या हत्तीला, सिंहाला किंवा बदकाला कोणी दोन शब्द बरे बोलत नाही की वाईट बोलत नाही. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी अशी एखादी काठी असेल. ज्यांनी नोकरीची काही वर्षे कर्नाटकात काढली, त्यांच्याकडे ती बहुधा असतेच. कारण निरोपसमारंभात शाल, श्रीफळ, चंदनाचा हार आणि हत्तीच्या डोक्याची शिसवी काठी असा एक विधीच होऊन बसला आहे.

आम्हांलाही ती मिळाली. कार्यालयातील मंडळींनी वर्गणी काढून म्हैसुरातल्या एका दुकानातून आणली होती. काळसर जांभळ्या लाकडाची, छत्तीस इंच लांब, वर सोंड उंचावलेला हत्ती, सुपासारखे पसरलेले कान, पांढरे सुळे, कपाळावर झूल आणि झुलीवर मोहरीएवढ्या फुलांची वेलबुट्टी. पाहुण्यांनी ती हाती घेऊन फिरवून पाहिली, वाहवा केली; आणि दुसऱ्या दिवशी ती काचेच्या कपाटात गेली. चार वर्षे ती तेथे होती. पुढे आमच्या उजव्या गुडघ्याने असहकार पुकारला, डॉक्टरांनी काठी वापरण्यास सांगितले, आणि घरात एवढी उत्तम काठी असताना नवी कशाला घ्यावी, म्हणून आम्ही कपाट उघडले. पहिल्याच सकाळी हत्तीचे दोन्ही सुळे तळहाताला टोचले. अकराव्या दिवशी, मडिकेरीस जात असता, पिरियापट्टणच्या बसस्थानकाच्या पायऱ्या उतरताना आम्ही तिच्यावर भार टाकला आणि सोंड मुळापासून निखळून हातात आली. आम्ही पडलो नाही हे कठड्याचे उपकार.

या अपघाताने आम्हांला समीक्षक केले. तोवर आम्ही ती काठी डोळ्यांनीच पाहत आलो होतो, आणि डोळ्यांच्या निकषावर तिच्यात उणे काढणे कठीण होते. सोंडेचा वळसा आणि कानांचे पंखे यांच्यात संवाद होता, काळ्या लाकडावर पांढऱ्या सुळ्यांचा विरोध होता, डाव्याउजव्याचा समतोल काटेकोर होता. संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयींची शिकवण मर्ढेकरांनी आमच्या पिढीला दिली. (मर्ढेकर स्वतःही आकाशवाणीच्या नोकरीत महाराष्ट्राबाहेर राहिलेले, १९५६ साली दिल्लीत निधन पावलेले, तेव्हा या मासिकाच्या वाचकांना ते थोडे अधिक आपले वाटले तर नवल नाही.) परंतु चित्राची लय डोळ्यांना जाणवावी आणि गाण्याची कानांना, तर काठीच्या मुठीची लय कोणाला जाणवावी? ती तळव्याला आणि चार बोटांनाच जाणवायला हवी. आमच्या हत्तीत ती शोधू गेल्यास जे संवादी भासत होते ते सारे विसंवादी ठरते. झुलीवरची वेलबुट्टी तळहाताला कानशीसारखी घासते. पसरलेला कान अंगठ्याच्या बेचक्यात रुततो. उंचावलेल्या सोंडेमुळे तर्जनीला टेकायला जागाच राहत नाही. कारागिराने हत्ती उत्तम कोरला, पण तो टेबलावर ठेवण्याचा हत्ती होता; त्याच्या पोटाखाली एक दांडा बसवून त्याला काठी हे नाव दिले, इतकेच.

सोंड मोडली हा तर लाकडाचा साधा धर्म. लाकडाचे तंतू उभे धावतात. उभ्या तुकड्यातून आडवी निघून वर वळणारी सोंड कापली की ते तंतू जागोजाग तुटतात, आणि बारीक भागी लाकूड लाकडाला धरून ठेवीत नाही. शिसव कितीही टणक असले तरी या नियमाला अपवाद नाही. म्हणून जाणते काठीवाले मुठीसाठी असा तुकडा निवडतात, की ज्यात फांदी खोडातून किंवा मूळ बुंध्यातून वळून निघाले आहे. तेथे तंतूही वळणाबरोबर वळलेले असतात. मूठ निराळी करून खुंटीने दांड्यावर बसवायची झाली, तर तंतू मुठीच्या लांबीने धावतील अशी ती कापावी लागते. आमच्या काठीत यांपैकी एकही पथ्य पाळलेले नव्हते.

एवढे कसब असलेल्या माणसाच्या हातून हे का व्हावे? अज्ञान म्हणून सोडून द्यावे असे आम्हांला वाटत नाही. त्याची मुळे जुन्या परंपरेत आहेत. मराठीने 'छडी' आणि 'काठी' हे दोन शब्द निराळे राखले आहेत, आणि त्यांतील भेद केवळ जाडीचा नाही. छडी दाखवायची असते, काठी टेकायची असते. जनावराचे मुख हे मुळात छडीचे भूषण. दरबारी चोपदारांच्या हाती आसा आणि सोटा अशी जोडी असे: आसा लांब आणि सरळ, सोटा आखूड व वाकड्या टोकाचा, आणि त्या टोकाला चांदीत घडविलेले वाघाचे किंवा सिंहाचे मुख. या सोट्यावर कोणी भार टाकीत नसे. मागून येणारा कोण आहे हे तो सांगत असे. पालखीच्या दांडीच्या टोकाला सिंहमुख किंवा मकरमुख बसवितात, त्यामागची भावना तीच. वारीत ज्ञानेश्वरांच्या पालखीची समाजआरती ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल, की चोपदाराने चांदीचा चोप उंच केला की टाळमृदंगाचा एवढा गजर क्षणात थांबतो. दंडाचे हे सामर्थ्य हात वर करण्यात असते.

म्हैसूरच्या प्रदेशात तर पशुमुखाला सत्तेची खूण म्हणून विशेषच मान होता. टिपू सुलतानाच्या सिंहासनाच्या कठड्यावर सोन्याची, रत्नजडित अशी लहान व्याघ्रमुखे होती. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर ते सिंहासन फोडून वाटून घेण्यात आले, आणि त्यांतील काही मुखे आज ब्रिटनमधील संग्रहांत आहेत. ही प्रवृत्ती आपलीच आहे असेही नाही. इजिप्तमध्ये तुतनखामेनची कबर १९२२ साली उघडली तेव्हा तीत सुमारे १३० काठ्या सापडल्या. त्यांपैकी काहींच्या वाकलेल्या टोकांवर हातपाय बांधलेल्या शत्रूंच्या आकृती आहेत. गंमत अशी की तो राजा पायाने अधू असावा असे अलीकडच्या काही संशोधकांचे मत आहे. ते खरे असेल तर छडी आणि काठी यांची सरमिसळ सव्वातीन हजार वर्षांइतकी जुनी म्हणावी लागेल.

आता आमच्या वाचकांची गोष्ट पाहा. सरकारी अधिकारी नोकरीत असेपर्यंत छडीच्या राज्यात असतो; प्रत्यक्ष छडी हाती असो वा नसो. लष्करातल्या अधिकाऱ्याच्या काखेत तर ती दिसतेच. निवृत्तीच्या दिवशी त्याला जी वस्तू भेट मिळते ती काठीच्या लांबीची, पण छडीच्या बुद्धीने घडविलेली असते. सोंड उंचावलेला, कान पसरलेला, सुळे परजलेला हत्ती जणू त्याला म्हणतो, की साहेब अजून साहेबच आहेत. देणाऱ्यांच्या मनात प्रेम असते, आणि घेणाराही सुखावतो. परंतु त्याला आणखी काही वर्षांनी जी वस्तू लागणार असते, ती त्या संध्याकाळी त्याला कोणीच दिलेली नसते. आमच्या पिढीतल्या बहुतेकांची 'म्हातारपणाची काठी' समुद्रापलीकडे नोकरी करते. तेव्हा लाकडाची काठी तरी भरवशाची असावी ही अपेक्षा फार मोठी नव्हे.

कारागिराच्या बाजूनेही दोन शब्द लिहिले पाहिजेत. दक्षिणेतील कोरीवकामाची कीर्ती ज्या गुडिगारांनी वाढविली त्यांचे नावच देवळावरून पडले आहे. कानडीत 'गुडी' म्हणजे देऊळ. सागर, सोरब, शिरसी, सिद्दापूर, कुमठा या टापूत त्यांची वस्ती. यांपैकी उत्तर कानड्याचा भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता, म्हणून जुन्या मराठी घरांतून त्यांच्या चंदनी पेट्या अजून आढळतात. त्यांची कला पृष्ठभागाची कला आहे. पेटीच्या झाकणावर पाने, वेली, हत्ती, मोर, देवता यांची इतकी दाट वीण ते घालतात की नखाएवढी जागा मोकळी राहत नाही. आणि चंदनाच्या बारीक पोताचे लाकूड ती वीण सुखाने सहन करते. झाकणावर हे वैभव शोभते, कारण झाकण पाहायचे असते. तीच वीण मुठीवर उतरली की ती तळव्याखाली झाकली तरी जाते किंवा तळव्याला बोचते तरी. हस्तिदंताचे काम करणाऱ्यांनीही आपली सारी हुशारी सुळ्यात ओतली. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ची त्यातील दुरुस्ती यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद पाडला, तो योग्यच झाला. परंतु सवय गेली नाही. दंत गेला तरी सुळा राहिला, आणि आज तो हाडाचा, पांढऱ्या लाकडाचा किंवा प्लास्टिकचा असतो.

हाताने पाहण्याची कला जगात कोणाला साधलीच नाही असे मात्र नाही. जपानात किमोनोच्या पट्ट्याला थैली अडकविण्यासाठी जे लहानसे गुंडे वापरीत, त्यांना नेत्सुके म्हणतात. ससा, उंदीर, वाघ, बैल यांच्या आकृती त्यांत विपुल. वस्त्रात अडकेल असे एकही टोक बाहेर येता कामा नये, हे पथ्य असल्याने तेथला उंदीर शेपूट पोटाशी घेऊन बसतो आणि बैल पाय मुडपून निजतो. त्या बंधनातूनच त्या जनावरांना एक आत मिटलेला, गाढ असा जिवंतपणा आला. आणि वर्षानुवर्षे हाताळून झिजलेला नेत्सुके तेथील रसिकांना नव्याहून अधिक मोलाचा वाटतो. आमच्या कपाटातील काठ्यांवर अशी झीज कधी चढणार?

हे सारे विचार आम्हांला त्या दिवशी पायऱ्यांवर सुचले, असा वाचकांनी समज करून घेऊ नये. त्या दिवशी सुचले ते एवढेच, की एखादा सुतार पाहावा. पिरियापट्टण हे म्हैसूर-मडिकेरी रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. कोडगूच्या डोंगरांचा उंबरठाच. चंगाळ्व राजांचे हे ठाणे १६४४ साली म्हैसूरच्या कंठीरव नरसराजाने घेतले. आज गावची ओळख किल्ल्यापेक्षा तंबाखूने अधिक होते. भोवतालच्या शेतांत तंबाखूची पाने वाळविण्याच्या भट्ट्या आहेत, त्या लाकडावर चालतात, आणि त्यांच्या पोटात किती सुंदर वळणाच्या फांद्या जात असतील याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. काठ्या कोरण्याची परंपरा या गावी आहे असा आमचा मुळीच दावा नाही. आम्हांला भेटला तो दारेखिडक्या करणारा सुतार होता. त्याचा पत्ता सांगणाऱ्याने 'आचारींकडे जा' म्हटले, तेव्हा आम्ही क्षणभर गोंधळलो. कानडी मुलुखात सुताराला आदराने आचारी म्हणतात, हे इकडे बदलून येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने पहिल्या आठवड्यातच शिकून घ्यावे. नाहीतर मुंजीच्या स्वयंपाकासाठी बोलावलेला मनुष्य रंधा घेऊन हजर होईल.

आचारींनी तुटकी सोंड आणि उरलेला हत्ती शेजारी शेजारी ठेवून पाहिले व हसून म्हणाले, "सार, हा फोटोसाठी केलेला हत्ती आहे." आम्ही विचारले, सोंड चिकटवता येईल का. ते म्हणाले, चिकटेल, पण पुन्हा मोडेल. मग त्यांनी जे सांगितले ते कोणत्याही सौंदर्यशास्त्राच्या ग्रंथात आम्हांला आढळले नव्हते. त्यांच्या मेहुण्याचे मक्याचे शेत नागरहोळेच्या जंगलाकडेला आहे, आणि रात्री हत्ती येतात. दसऱ्याच्या मिरवणुकीचे हत्ती म्हैसूरकडे निघतात तो सोहळा शेजारच्या हुणसूर तालुक्यात, वीरनहोसहळ्ळीला होतो. तोही त्यांनी लहानपणापासून पाहिलेला. कान पसरून, सोंड उंच करून उभा असलेला हत्ती हा बिथरलेला किंवा वास घेणारा हत्ती असतो. "अशा हत्तीच्या डोक्यावर हात कोण ठेवील, सार?" माहुताचा हात ज्या हत्तीच्या मस्तकावर असतो त्याची सोंड खाली सैल सुटलेली असते आणि कान मानेलगत असतात.

एवढ्या एका वाक्याने आमच्या काठीवरची सारी टीका पूर्ण झाली होती. दुकानातला हत्ती तळव्याला टोचला, कारण तो हात लावू न देणारा हत्ती होता. कारागिराने जनावराचे रूप घेतले, पण ज्या भावावस्थेत ते जनावर माणसाचा हात सोसते, ती अवस्था घेतली नाही. युरोपातील जुन्या काठ्यांवर बदक, हंस आणि शिकारी कुत्रा यांची मुखे वारंवार येतात, त्याचेही कारण आता आम्हांला उमगते. मान वळवून चोच पाठीवर टेकलेला हंस, कान मागे दुमडून धावणारा कुत्रा यांचे आकार तळव्याच्या पोकळीत आपोआप बसतात. सिंह मात्र आयाळीमुळे जड आणि खरबरीत होतो. तो सोट्यावरच राहिलेला बरा.

आचारींनी माळ्यावरून कॉफीच्या बुंध्याचा एक तुकडा काढला. कोडगूच्या मळ्यांतून जुनी झाडे उपटली की असे तुकडे येतात. त्या लाकडाच्या काठ्या तिकडच्या बाजारात विकायलाही असतात. लाकूड फिकट, घट्ट आणि बारीक पोताचे, आणि बुंध्यातून मूळ फुटते तेथे त्याला सुरेख बाक असतो. मग त्यांनी आम्हांला कोणता गुडघा दुखतो ते विचारले. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी धरावी, असे डॉक्टरांनी सांगितले होते, म्हणून आम्ही डावा हात पुढे केला. त्यांनी त्यात ओल्या चिकणमातीचा गोळा दिला आणि दाबायला सांगितले. बोटांचे ठसे उमटलेला तो गोळा फळीवर ठेवून ते पुष्कळ वेळ पाहत राहिले. आम्हांला चपला घालून सरळ उभे केले, हात सैल सोडायला लावला, मनगटाच्या घडीपर्यंत माप घेतले आणि निरोपसमारंभाच्या त्या काठीचे दोन इंच कापून टाकले. चार वर्षे आम्ही तिला परिपूर्ण समजत होतो, आणि ती आमच्या उंचीचीदेखील नव्हती.

चार दिवसांनी परत येताना मूठ तयार होती. तिचे वर्णन करायचे तर प्रथम हे सांगावे लागेल, की दुरून तो हत्ती आहे हे ओळखू येत नाही. सुळे नाहीत, आचारींच्या भाषेत हा मखना, म्हणजे सुळ्यांवाचूनचा नर. कपाळाच्या दोन उंचवट्यांना, ज्यांना आपले कवी गंडस्थळ म्हणत आले, पटाशीने जेवढा आकार दिला तेवढाच, आणि ते तळव्याच्या खोलगटात नेमके उतरतात. सोंड खाली वळून दांड्याला भिडते. तिच्या पाठीवर तर्जनी लांबवर टेकते. कान मानेला चिकटलेले, त्यांच्या कडा अंगठ्याला नुसत्या कळतात. डोळे अर्धवट मिटलेले आहेत. वेलबुट्टी कोठेही नाही. सांध्यावर पितळेचे एक साधे कडे आहे व आत लोखंडी खुंटी. पॉलिश नाही, फक्त तेल.

ही मूठ हाती धरून चालताना एक गोष्ट ध्यानात आली. काठीवरच्या जनावराचे तोंड नेहमी पुढे असते. ते समोरून येणाऱ्याला दिसते, धरणाऱ्याला कधीच दिसत नाही. धरणाऱ्याच्या वाट्याला येते ती मान आणि माथा. दुकानातल्या काठीचा सारा खर्च तोंडावर झालेला होता. आचारींनी माथ्यावर चार दिवस घालविले, आणि तोंड, खरे सांगायचे तर, थोडक्यात उरकले.

म्हणून दोषही नोंदविले पाहिजेत. डोळे सारखे नाहीत. उजवा किंचित वर आहे. डाव्या हाताच्या ठशाबरहुकूम घडविल्यामुळे एक गंडस्थळ दुसऱ्याहून सपाट झाले आहे, आणि समोरून पाहणाऱ्याला हत्तीला एका बाजूने मार बसल्यासारखा भास होतो. गर्द शिसवी दांड्यावर कॉफीचे फिकट लाकूड जरा परके दिसते. तेलाने ते काळवंडेल असे आचारी म्हणाले होते, तसे काही अंशी झाले आहे, पण सारखे नाही. जेथे तळवा टेकतो तेथे ते मधासारखे झाले आहे आणि सोंडेच्या टोकाला अजून पांढरटच आहे. उजव्या हातात काठी घेतली तर मूठ बोचते. पाहुण्यांना ती हाती देऊन आम्ही हा प्रयोग अनेकदा केला आहे, आणि बहुतेकांनी ती लगेच परत केली. आमच्या चिरंजीवांनी दूरध्वनीच्या पडद्यावर ती पाहून हे अस्वल आहे काय, असे विचारले.

जुना हत्ती आचारींनी टाकून दिला नाही. सोंडेचा तुटका बुंधा कानशीने घासून, खाली सपाट करून आम्हांला परत दिला. तो आता आमच्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून बसतो. कान पसरलेले, सुळे परजलेले. आणि तेथे, टेबलावर, तो खरोखर फार छान दिसतो.